सभंग श्लेष

पुस्तकांचीं परीक्षणें लिहितां लिहितां माझीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. त्यांतलीं बरींचशीं पुस्तकें मीं वाचलींही होतीं. परंतु एखाद्या खेळण्याचें परीक्षण लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असें गेल्या ज्येष्ठापर्यंत मला कोणी सांगितलें असतें, तर मीं त्याला हांसून वाटेला लावलें असतें. खेळणें मुलानें मोडावें, आईनें तें केरांत टाकावें, आणि बापानें मध्यें फक्त पैसे द्यावे, यापलीकडे त्याचा विचार करण्याचें मला कधीं कारणच पडलें नव्हतें.

प्रसंग असा घडला. आमचे चिरंजीव यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरास एका मोठ्या कंपनींत नोकरीला होते. पगार असा, कीं तो ऐकून आमच्या स्टाफरूममधील मंडळी क्षणभर चहा प्यायचें विसरत. ती नोकरी त्यानें सोडली आणि खेळण्यांचे आराखडे तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यांत तो रुजू झाला. बातमी त्यानें टेलिफोनवरून सांगितली. मीं एवढेंच विचारलें, "म्हणजे आतां बाहुल्या करणार?" तो म्हणाला, "हो." पुढचा दीड महिना आमचें एकमेकांशीं बोलणें त्याच्या आईमार्फत चाललें होतें. मग एके संध्याकाळीं तिनें निरोप आणला. त्याच्या खोलींतल्या कपाटावर एक तांबडा-निळा यंत्रमानव उभा आहे; तो त्याला कामासाठीं हवा आहे; तेव्हां त्याचा ट्रक करून तो खोक्यांतून पाठवावा. उभाच पाठविला तर वाटेंत हात-पाय मोडतील. "ट्रक करून" हे शब्द तिनें "चटणी करून" म्हणावें इतक्या सहजपणें उच्चारले, आणि ती स्वयंपाकघरांत निघून गेली.

मीं कपाटावरून ती मूर्ति खालीं काढली. वीतभर उंच, हातांत घेतल्यावर अपेक्षेपेक्षां जड. छाती म्हणजे ट्रकच्या पुढच्या दोन कांचा. तोंडावर पट्टी, त्यामुळें चेहऱ्यावर हंसूं आहे कीं राग, तें कळावयास मार्ग नाहीं. नांव ऑप्टिमस प्राइम. लॅटिनचा थोडासा वारा लागलेल्या माणसाला 'उत्तमांतला पहिला' असा त्याचा अर्थ लागतो आणि उगीचच आदर वाटूं लागतो. जपानांत मात्र याला नुसतें 'कॉन्व्हॉय' म्हणतात. माझ्या हातांतली प्रत जपानच्या टकारा-टॉमी कंपनीनें 2011 सालीं काढलेली, 'मास्टरपीस' नांवाच्या मालेंतली दहाव्या क्रमांकाची. शेजारीं आणखी एक, आंखूड आणि ओबडधोबड, असाच तांबडा-निळा गडी उभा होता. तें मूळच्या साच्यावरून पुढें काढलेलें खेळणें. ग्रंथांच्या भाषेंत बोलायचें तर पुनर्मुद्रण. म्हणजे एक मूळ संहिता आणि एक सटीक, सचित्र, कापडी बांधणीची आवृत्ति, अशीं दोन्ही माझ्यापुढें आलीं. परीक्षकाला याहून अधिक काय हवें?

या खेळण्यांचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. 1980 सालीं जपानच्या टकारा कंपनीनें 'डायाक्लोन' नांवाचीं खेळणीं काढलीं. पुढें त्यांत मोटारींचे यंत्रमानव होऊं लागले. परंतु ते यंत्रमानव म्हणजे केवळ यंत्रें होतीं, त्यांना स्वतःचें मन नव्हतें. बोटाच्या पेराएवढा चालक त्यांत बसवायचा आणि त्यानें तें यंत्र चालवायचें, अशी कल्पना. 1984 सालीं अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनें हीं आणि 'मायक्रोमॅन' मालेंतलीं खेळणीं एकत्र करून 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें विकावयास काढलीं, आणि त्यांतला चालक काढून टाकला. कांहीं मोटारींत त्याची चिमुकली आसनें तशींच राहून गेलीं. रिकाम्या आसनांच्या या यंत्रांना प्राण आणून देण्याचें काम मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे गेलें. बहुतेकांचीं नांवें आणि स्वभाव लिहिले बॉब बुडियान्स्की या संपादकानें. नायकाचें नांव तेवढें डेनिस ओ'नील यांचें. खोक्याच्या पाठीवर शक्ति, बुद्धि, वेग, धैर्य अशा आठ गुणांची प्रतवारी छापलेली असे, आणि ती तांबड्या पारदर्शक पट्टींतून पाहिल्यावांचून वाचतां येत नसे. गुणपत्रिका वाचण्यासाठीं मुलें धडपडत आहेत, हें दृश्य शिक्षणाच्या इतिहासांत दुसरें कोठें सांपडेल असें मला वाटत नाहीं.

दोन वर्षांनीं, 1986 सालच्या चित्रपटांत, या ऑप्टिमस प्राइमला ठार मारण्यांत आलें. कारण वाङ्मयीन नव्हतें. नवीं खेळणीं बाजारांत आणावयाचीं होतीं, तेव्हां जुन्यांनीं जागा करून द्यावी, एवढाच व्यापारी हिशेब. चित्रपटगृहांत मुलें रडूं लागलीं, आईबापांच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्याला कथेंत परत आणावें लागलें. ज्यांनीं चालकाचें आसन रिकामें केलें, त्यांनाच त्या आसनावर मुलांनीं कोणाला बसविलें आहे तें ठाऊक नव्हतें!

असो. मी मूळ कामाकडे वळतों.

आपल्या पुराणांतही रूप पालटणारे पुष्कळ आहेत; परंतु तें पालटणें एका शब्दांत उरकतें. मारीच राक्षसाचा सोन्याचा मृग झाला. त्या मृगाचें वर्णन वाल्मीकीनें मन लावून केलें आहे. पण त्याचीं शिंगें पूर्वीं राक्षसाचा कोणता अवयव होतीं, हें कांहीं तो सांगत नाहीं. या खेळण्याला नेमकें तेंच सांगावें लागतें. एकही तुकडा बाहेर काढायचा नाहीं, बाहेरून आणायचा नाहीं. डोकें धडांत जातें, मुठी मनगटांत शिरतात, हात दुमडून केबिनच्या कुशींत बसतात, दोन पाय जुळून ट्रकची मागची बाजू होते. हें चित्रांवरून समजून घेतांना मला एकाएकीं कॉलेजांतले माझे संस्कृतचे तास आठवले. श्लेष दोन प्रकारचा. अभंग श्लेषांत शब्द न तोडतां दोन अर्थ निघतात. सभंग श्लेषांत पदें एका ठिकाणीं तोडलीं तर एक अर्थ, दुसऱ्या ठिकाणीं तोडलीं तर दुसरा. कविराजाचें 'राघवपांडवीय' असल्याच कसरतीवर उभें आहे: अक्षरें तींच, आणि कथा एकदां रामाची, एकदां पांडवांची. हा ट्रक म्हणजे प्लास्टिकचा सभंग श्लेष होय. तो कोठें तोडावा हें कळलें, कीं अर्थ बदलतो.

पण कोठें तोडावा? सूचनापत्रावर क्रमांक घातलेलीं चित्रें, बाण, आणि जपानी लिपि. ज्यानें जन्मभर शब्दांवर पोट भरलें, त्याला निःशब्द बाणांच्या स्वाधीन केलें तर जें होईल तेंच माझें झालें. पहिल्या संध्याकाळीं पाय जुळविले, तेव्हां ते एकमेकांकडे पाठ फिरवून जुळले. दुसऱ्या संध्याकाळीं डोकें आंत गेलें, तें बाहेर येईना. त्या रात्रीं तो टेबलावर तसाच पडून राहिला: छाती माणसाची, पाय चाकांचे, एक हात वर.

तसल्या अवस्थेंत त्याला पाहिलें आणि मला झोप लागली नाहीं.

2008 सालची गोष्ट. आदल्या वर्षीं या यंत्रमानवांचा मोठा चित्रपट येऊन गेला होता आणि शाळेंतल्या प्रत्येक पोराला तसलें खेळणें हवें होतें. खरें खेळणें आमच्या ऐपतीबाहेरचें नव्हतें. परंतु खेळण्यावर इतके पैसे घालणें माझ्या तत्त्वांत बसत नव्हतें. तेव्हां त्याच्या आईनें तुळशीबागेंतून एक नक्कल आणून दिली. आठ वर्षांचा पोर तिच्याशीं तासभर झटत होता. ती मध्येंच अडली, अर्धा ट्रक, अर्धा माणूस. आणि तो ती घेऊन माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. मी उत्तरपत्रिका तपाशीत होतों. "आण इकडे," म्हणून मीं ती घेतली आणि पिळली. खाटकन आवाज झाला. मीं म्हटलें, "स्वस्तांतला माल असाच असायचा," आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. पोर रडला नाहीं. त्यानें आईच्या डब्यांतून पांढरा दोरा घेतला आणि तो निखळलेला खांदा बांधून टाकला. तो असा रडला नाहीं, हें मला त्या वेळीं समजूतदारपणाचें लक्षण वाटलें होतें.

तिसऱ्या संध्याकाळीं मीं आपण होऊन टेलिफोन केला. मोबाइलच्या पडद्यावर त्याचा चेहरा आला. मागें कसलेंसें यंत्र घरघरत होतें.

"खांदा अडला ना, बाबा?"

"तुला कसें कळलें?"

"सगळ्यांचा तिथेंच अडतो. जोर लावूं नका."

"अजून लावलेला नाहीं."

तो जरासा थांबला. "बरें केलेंत. आतां चार चित्रें मागें जा. अडतें तें पुढच्या पायरीमुळें नव्हे, मागची पुरी झालेली नसते म्हणून. पाठीकडचा भाग पाहा, तो अर्धाच उघडला असेल."

तसेंच निघालें. तो भाग पुरता उघडला, खांदा वळला, हात आपल्या जागीं गेला आणि 'टक्' असा लहानसा आवाज झाला. त्या आवाजाचें सुख कसें सांगावें? यमक जुळावें तसा तो आवाज होता. मीं तसें म्हटलें, तेव्हां चिरंजीव उत्साहानें बोलूं लागले. तो आवाज सहज होत नाहीं, तो मुद्दाम करावा लागतो. कांहीं सांध्यांत दांतेरी चकत्या असतात. भाग बसला हें डोळ्यांच्या आधीं बोटांना कळलें पाहिजे. खांच अंशभर सैल राहिली तर हात लोंबतो, अंशभर घट्ट झाली तर पोराच्या हातून मोडतो. "आणि पोर पिळणारच, बाबा. पोरानें पिळलें तरी मोडणार नाहीं असा सांधा करायचा, हें खरें काम." मी अर्धा तास ऐकत होतों. इतका वेळ तो माझ्याशीं सलग बोलल्याचें मला आठवत नाहीं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशींही नाहीं.

त्यानेंच मला चंद्रावरच्या खेळण्याची गोष्ट सांगितली. जपानचें 'स्लिम' नांवाचें यान 2024 च्या जानेवारींत चंद्रावर उतरलें. उतरण्याच्या अगदीं आधीं त्यानें एक चेंडू बाहेर सोडला: आठ सेंटिमीटर व्यासाचा, वजन पाव किलोच्या आसपास. त्याचें नांव सोरा-क्यू. अवकाशसंस्थेबरोबर तो घडविणाऱ्यांत टकारा-टॉमी ही खेळण्यांचीच कंपनी होती. जमिनीवर पडल्यावर चेंडू दुभंगला, दोन अर्धगोलांचीं दोन चाकें झालीं, मधून कॅमेरा वर आला, आणि तो धुळींतून सरकूं लागला. यान बिचारें डोक्यावर उभें राहिलें होतें. तें तसें उभें असल्याचें छायाचित्र काढलें तें या चेंडूनें. माझ्या 'बाहुल्या' या शब्दाचा उल्लेख चिरंजीवांनीं केला नाहीं. मीही केला नाहीं.

आतां परीक्षकाचें मत. ही 2011 ची आवृत्ति दोन्ही रूपांत देखणी आहे. ट्रक पाहून आंत माणूस असेल अशी शंका येत नाहीं. माणूस पाहून ट्रक आठवला तरी खटकत नाहीं. छाती उघडली कीं आंतला एक मणिही हातीं लागतो. परंतु हें सारें साधण्यासाठीं तिच्या कर्त्यानें इतक्या युक्त्या योजल्या आहेत, कीं मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणासारखी अवस्था होते: ओठ न मिटतां रामकथा म्हणतां येते याचें नवल वाटतें, आणि रामाकडे लक्ष राहत नाहीं. तें जुनें पुनर्मुद्रण घ्या. ट्रक ऐटदार, माणूस मात्र पाहुण्यांच्या घरीं प्रथमच आलेल्या जांवयासारखा अवघडलेला. मुठी वेगळ्या, वरून बसवायच्या, म्हणून त्या हरवतात. याचीही उजवी हरवलेली आहे. पण पाय ओढा, हात बाहेर घ्या, डोकें वर करा: अर्ध्या मिनिटांत काम झालें. आठ वर्षांच्या हातांना तें साधतें, आणि छप्पन्न वर्षांच्याही. नवें खेळणें कपाटावर ठेवण्यासाठीं आहे, जुनें खेळण्यासाठीं. चिरंजीवांना हें मत कळविलें, तेव्हां तो म्हणाला, "आमच्या मालकांशीं माझें हेंच भांडण चाललेलें आहे." माझें मत त्याच्या उपयोगीं पडण्याचा हा पहिलाच प्रसंग, म्हणून येथें नोंदवून ठेवतों.

खोकें बांधायला घेतलें तेव्हां कपाटाच्या मागच्या कोपऱ्यांत आणखी कांहीं हाताला लागलें. तुळशीबागेंतला तो. रंग उडालेला, अर्धा ट्रक, अर्धा माणूस. खांद्याला दोरा, पांढऱ्याचा पिवळा झालेला. मीं तो पडद्यासमोर धरून विचारलें, "हाही पाठवूं?"

त्यानें बराच वेळ त्याच्याकडे पाहिलें. "नको. दिवाळींत येतों आहे ना, तेव्हां बघूं. त्याच्यांतला सांधा साधाच असेल, बदलतां येईल." मग म्हणाला, "तोंवर दोरा मात्र सोडूं नका."

ट्रक परवां गेला. हा माझ्या टेबलावर आहे, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारीं.