रिपोर्टातले १२८

टॉवेलच्या कारखान्यात आरोग्य शिबिर लागलं, ते २०१० साल. मला एचआयव्ही असल्याचं त्याच्या वर्षभर आधी कळलेलं. सोलापुरात हे ठाऊक असलेलं माणूस एकच, बायको. तिची तपासणी निगेटिव्ह आली, त्या रात्री आम्ही दोघंही रडलो होतो. मला गोळ्या मात्र सुरू नव्हत्या. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ४१०; तेव्हाच्या नियमात बसत नव्हतो. सहा महिन्यांनी या, एवढंच एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, सांगायचे.

शिबिरातल्या डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "कोलेस्टेरॉल फक्त १२८! काय खाता हो?" मी म्हटलं, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सगळे हसले. खालच्या ओळींत एचडीएल २२ आणि ट्रायग्लिसराइड ३१० होतं, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी खुशीत कँटीनला जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

पुढच्या खेपेला तोच कागद एआरटी सेंटरच्या डॉक्टरबाईंना दाखवला, खरं तर मिरवायलाच. त्यांनी आधी विचारलं, दारू घेता? नाही. साखर तपासली? नॉर्मल. मग म्हणाल्या, हे विषाणूचं काम. औषध नसलं की शरीर आतल्या आत धुमसत राहतं. आधी चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरतं, मग वाईटही उतरतं. आजार पुढे सरकला की रक्तातली चरबी वेळेवर उचलली जात नाही आणि ट्रायग्लिसराइड साचतात. म्हणजे ज्या आकड्याचं कौतुक झालं, तोच आजाराचा होता. मला भजी आठवली.

२०१२ मध्ये सीडी-फोर ३१८ वर आलं. तोवर मर्यादा ३५० झाली होती, गोळ्या मिळाल्या. दीड वर्षानं कोलेस्टेरॉल १७६! मी घाबरून बाईंकडे गेलो. एचडीएल ३८ झालंय, हे त्यांनी आधी दाखवलं. मग सांगितलं, अमेरिकेत काही पुरुषांचं लागणीच्या आधीचं रक्त साठवलेलं होतं. लागण झाल्यावर त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, औषधांनी पुन्हा चढलं, साधारण जुन्या जागी. २००३ मध्ये ते छापूनही आलं. "तुमचंही परत येतंय. पण काही गोळ्यांनी जास्तच वाढतं, म्हणून दरवर्षी तपासायचं."

घरी बायकोनं विचारलं, "मग चटणीत तेल वाढवू की कमी करू?" मला सांगता येईना. पुढच्या खेपेला विचारून आलो. कमीच.