कढीपत्त्यावरची पाहुणी

कढीपत्त्याभोवती आज काळी फुलपाखरू-मादी घिरट्या घालत होती. मागच्या पंखांवर पांढरे-तांबडे डाग. कॉमन रोझ जातीचीच वाटावी. अशा वेळी पंख सोडून अंगाकडे बघायचं. कॉमन रोझचं अंग लालभडक, हिचं काळं. म्हणजे ही कॉमन मॉरमॉन! रोझची अळी ईश्वरीच्या वेलीतलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराला टाळतात. बिनविषारी मॉरमॉनच्या काही माद्या तोच वेश घेतात (काही नरासारख्याच दिसतात). केवढं विलक्षण आहे हे! मॉरमॉनच्या लहान अळ्या तर थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. पुढे हिरव्या होतात. त्या कढीपत्त्याची पानं खाताना दिसल्या की लोक लगेच औषध फवारतात, याचं मला फार वाईट वाटतं. शेजारच्या काकूंना म्हटलं, “काकू, चार फांद्या तिला राहू द्या ना.”