वांटणी नको, वांटप हवें

एकत्र कुटुंबांतील भांडणें मोठ्या कारणांवरून क्वचितच होतात. जमीनजुमल्याचा प्रश्न दहा-पांच वर्षांतून एकदां निघतो. परंतु सकाळचें पहिलें ऊन पाणी कोणास, वर्तमानपत्राचें मधलें पान कोणाच्या हातीं, हे प्रश्न रोजच उभे राहतात. अलीकडे त्यांत इंटरनेटाची भर पडली आहे. जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं व हातास लागत नाहीं, तिच्यापायीं सख्ख्या चुलतभावांत अबोला पडलेला आम्हीं पाहिला आहे. या दुखण्यावर जो एक लहानसा उपाय आम्हांस आढळला, तो वाचकांच्या कानीं घालावा एवढाच या लेखाचा हेतु.

आमचें घर तीन मजल्यांचें, जुन्या बांधणीचें. भिंती दीड हात जाडीच्या. तळमजल्यावर धाकटे बंधु करसल्लागाराची कचेरी चालवितात. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर, देवघर व आम्ही वडील मंडळी. वर पुतण्या, सूनबाई व मुलें. सूनबाई घरीं बसून परगांवच्या एका कंपनीचें काम करते. राउटर तळमजल्यावर असल्यामुळें वाय-फायच्या लहरी वर पोहोंचेपर्यंत क्षीण होत. सूनबाईची सभा ऐन बोलण्यांत तुटे, नातवाचा तास बंद पडे, आणि दोष एकमेकांच्या माथीं जाई. शेवटीं पुतण्या म्हणाला, "काका, प्रत्येक मजल्यावर निराळें कनेक्शन घेऊन टाकूं, कटकट मिटेल." यावर आमची सौभाग्यवती एवढेंच म्हणाली, "आज इंटरनेट निराळें, उद्यां गॅस निराळा." त्या वाक्यानें आम्ही या विषयाच्या अभ्यासास लागलों.

प्रथम परीक्षा केली. राउटरास तारेनें संगणक जोडून पाहिला, तों कंपनीनें कबूल केलेला वेग पुरेपूर मिळाला. म्हणजे विहिरींत पाणी होतें. पाट धड नव्हता. मग तीन विहिरी खणण्याचें कारण काय? प्रत्येक मजल्यास तार न्यावी आणि त्या तारा एकत्र आणणारा स्विच घ्यावा, हें उघड झालें.

स्विच म्हटला कीं दिव्याचें बटण डोळ्यांपुढें येतें. हा स्विच निराळा. घरगुती राउटरास तारा लावण्यासाठीं बहुधा तीन-चारच पोर्ट असतात. त्याहून अधिक यंत्रें जोडावयाचीं झाल्यास जी पोर्टांची पेटी लागते, तीच ही. तिच्या आधीं हब नांवाचें यंत्र वापरीत. हब म्हणजे दवंडीवाला; एका तारेनें निरोप आला कीं तो उरलेल्या सर्व तारांवर ओरडावयाचा, ज्याचा असेल त्यानें घ्यावा. दोघे एकदम बोलले तर दोघांचेहि शब्द वायां जात. स्विचाची रीत नव्या वर्गावर आलेल्या मास्तरासारखी आहे. प्रत्येक यंत्रास 48 बिटांचा एक पत्ता असतो. ज्या पोर्टांतून निरोप आला, त्या पोर्टापलीकडे अमुक पत्त्याचें यंत्र आहे, हें स्विच आपल्या हजेरीपटांत टिपून ठेवतो. पुढें त्या पत्त्यासाठीं कांहीं आलें कीं तें नेमकें त्याच पोर्टाकडे जातें. पत्ता पटावर नसेल तरच सर्व वर्गास विचारावें लागतें. बराच वेळ एखाद्याचा आवाज आला नाहीं तर त्याचें नांव पटावरून कमी होतें, व तो पुन्हां बोलला कीं पुन्हां चढतें. मुलें बांक बदलतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास यांतील शहाणपण निराळें सांगावयास नको.

या विद्येस ईथरनेट म्हणतात. 1973 सालीं अमेरिकेंत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत, रॉबर्ट मेटकाफ यांनीं ती मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्यासह सिद्धीस नेली. प्रकाश ज्या ईथरांतून वाहतो असें एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मानीत, त्यावरून हें नांव पडलें. आमच्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला आहे. त्यामुळें निरोप वाहणाऱ्या या नव्या आकाशाचें नांव आम्हां संस्कृतवाल्यांस फारसें परकें वाटत नाहीं. पुढें 1990 सालीं ईथरनेटचा अनेक पोर्टांचा पहिला स्विच बाजारांत आला, तो 'कल्पना' नांवाच्या अमेरिकेंतील कंपनीचा. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ तिच्या संस्थापकांपैकीं एक. 1994 सालीं ती कंपनी सिस्को कंपनीनें विकत घेतली.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट पोर्टांची मोजणी. पांच पोर्टांच्या स्विचांत एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या तारेस जातो व चारच उरतात, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. जीं यंत्रें जागचीं हलत नाहींत तीं कागदावर लिहावीं. त्यांत राउटरची तार मिळवावी व दोन पोर्ट पुढील गरजेसाठीं धरावे. आमची बेरीज आठ आली. दुकानदारानें चोवीस पोर्टांचा, आंत पंखा असलेला स्विच पुढें केला होता. आठ पानांच्या पंक्तीस चोवीस पाट मांडण्यांत शोभा नाहीं. शिवाय पंख्याची घरघर रात्रीं ऐकावी लागते ती निराळीच.

दुसरी गोष्ट वेग. कांहीं स्विच सेकंदास 100 मेगाबिट वाहून नेतात, कांहीं 1000, म्हणजे एक गिगाबिट. दहा गिगाबाइटची चित्रफीत एका संगणकांतून दुसऱ्यांत नेण्यास पहिल्यास उत्तम परिस्थितींतहि तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. दुसरा तेंच काम दीड मिनिटाच्या आंतबाहेर करील. म्हणून गिगाबिटच घ्यावा. त्याहून वेगवान स्विच मिळतात, परंतु दोन्ही टोकांचीं यंत्रें तेवढीं समर्थ नसतील तर तो खर्च व्यर्थ. एक मात्र विसरूं नये: वाढपी कितीहि चपळ असला तरी भात शिजला असेल तेवढाच वाढला जातो. बाहेरची जोडणी 100 मेगाबिटांची असेल तर गिगाबिट स्विचानें ती वाढत नाहीं.

तिसरी गोष्ट, तारेंतून वीज. छताजवळ बसविलेलें वाय-फायचें यंत्र किंवा दारावरचा कॅमेरा यांस निरोपाच्याच तारेंतून वीज देणारे स्विच असतात. 2003 सालच्या मानकाप्रमाणें स्विचाच्या एका पोर्टांतून 15.4 वॅटपर्यंत व 2009 सालच्या मानकाप्रमाणें 30 वॅटपर्यंत वीज देतां येते. येथें सर्व पोर्टांची मिळून मर्यादा किती हें पाहावें. एकूण साठ वॅटांचा स्विच असेल तर तीस वॅट मागणारीं यंत्रें त्यावर दोनच पोसतील. आठांपैकीं चारच पोर्टांवर वीज देणारा स्विच आमच्यासारख्या घरास पुरतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साधा स्विच तार लावतांच चालूं लागतो. त्यास कांहीं सांगावें लागत नाहीं व सांगतांहि येत नाहीं. नुसतें घर असेल तर तोच घ्यावा. परंतु आमच्या बंधूंच्या संगणकांत परक्यांच्या मिळकतीचे कागद असतात. नातवाच्या खेळाबरोबर एखादा उपद्रवी प्रोग्राम घरांत शिरला तर तो त्या कागदांपर्यंत पोहोंचूं नये, हें अशिलांच्या विश्वासाचें ऋण आहे. त्यासाठीं 'मॅनेज्ड' किंवा 'स्मार्ट' म्हणविणारा स्विच लागतो. त्यांत व्हीलॅन नांवाची सोय असते. तीमुळें कांहीं पोर्ट कचेरीचे व कांहीं घराचे असें ठरवितां येतें, आणि एकीकडचा निरोप आपोआप दुसरीकडे जात नाहीं. मात्र राउटरासहि ही सोय असली पाहिजे, हें आधीं विचारून घ्यावें, आणि स्विच घरीं येतांच त्याचा मूळचा पासवर्ड बदलावा.

दोन सूचना राहिल्या. एकाच तारेचीं दोन्ही टोकें साध्या स्विचांत लावलीं तर निरोप आंतल्या आंत फिरत राहतात, वाढत जातात, व सर्व घर ठप्प होतें. यावरील तोड रेडिया पर्लमन या विदुषीनें 1985 सालीं शोधून काढली व तिच्यावर एक छोटी कविताहि रचिली. परंतु स्वस्त स्विचांत ती तोड बहुधा नसते, म्हणून दोन्ही टोकांस नांवाच्या चिठ्ठ्या बांधाव्या. तसेंच तार शुद्ध तांब्याची आहे ना, हें पाहावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण लौकर तुटते व तींतून वीजहि नीट जात नाहीं.

आमच्याकडे आठ गिगाबिट पोर्टांचा, पंख्यावांचूनचा, व्हीलॅनची सोय असलेला स्विच तळमजल्यावर बसला, आणि राउटर व तो दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. तेथून तारा वर गेल्या. सूनबाईची सभा आतां तुटत नाहीं, व निराळ्या कनेक्शनांचा विषय पुन्हां निघालेला नाहीं. आमच्या मतें यांतील निम्मा गुण त्या पेटीचा, आणि निम्मा त्या कागदाचा. पोर्ट मोजण्यासाठीं सर्व मंडळी एका रात्रीं जेवणानंतर एकत्र बसली, तेव्हां कोणास किती वाजतां काय लागतें हें प्रथमच सर्वांसमक्ष लिहिलें गेलें. सूनबाईच्या सभेची वेळ आणि आमच्या कीर्तन ऐकण्याची वेळ एकच आहे, हें त्याच कागदावर दिसलें. ज्यांस स्विच घ्यावयाचा नसेल त्यांनींहि तो कागद एकवार अवश्य करून पाहावा.