तारीख कॅमेऱ्याची, तिथी वारीची

आषाढी जवळ आली की कुठल्या ना कुठल्या अंकाचा फोन येतोच. ‘वारीतला पावसाचा फोटो हवाय. उभा पाहिजे, वर मथळ्याला जागा सोडलेला. तासाभरात पाठवा.’ फोटो आपल्याकडे आहे हे पक्कं ठाऊक असतं, पण तेवढ्यानं भागत नाही.

कॅमेरा फाइलला जे नाव देतो ते बिनकामाचं. डीएससी, पुढे चार आकडे, आणि ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कार्डावरून उतरवतानाच मी वर्ष, महिना, दिवस अशी नावं देतो. वर्ष पुढे असलं की फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. पण वारी कुठे इंग्रजी तारखेनं चालते? आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला. मग तारखेला जोडून मुक्काम लिहायचा: सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण.

फोटोच्या पोटात एक्झिफची नोंद असते. वेळ, शटर, लेन्स, सगळं तिथं मिळतं, फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. दोन कॅमेरे गळ्यात असले की सकाळी दोन्हींनी मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवतो. दोघांतला फरक नंतर एका झटक्यात दुरुस्त होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद गळते, म्हणून मदतनिसाला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव रे’ असं दर वर्षी बजावावं लागतं.

एवढं यंत्राकडून मिळतं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागतं, तेव्हा दोन अश्व धावतात: एक स्वाराचा आणि एक माउलींचा, ज्याच्यावर कोणी बसत नाही. ‘घोडा’ असं शोधलं तर गूगल फोटोज दोन्ही काढून देईल, वर जेजुरीच्या लग्नातली घोडीही देईल. माउलींचा अश्व कोणता, हे फोटोओळीत मलाच लिहावं लागतं, तेही त्याच रात्री, पाय दुखत असले तरी. दिंडीचे फोटो काढण्याआधी तिच्या क्रमांकाच्या पाटीचा एक फोटो घेतो. रात्रीचं निम्मं लिहिणं तिथंच वाचतं.

कीवर्डची यादी आखूड ठेवावी आणि ऱ्हस्व-दीर्घ एकदाच ठरवून टाकावं. ‘पंढरपूर’ आणि ‘पंढरपुर’ ही शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी दोन गावं असू शकतात. मागणारे कसे मागतात, तेही यादीत हवं. ‘भक्ती’, ‘श्रद्धा’ हे कीवर्ड मी काढून टाकले, वारीचा कुठलाही फोटो त्यांत बसतो. ‘उभा’, ‘वर जागा’, ‘चेहरा नाही’ हे मात्र रोज कामाला येतात.

तारे देऊन वर्गवारी करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. आजचा दोन ताऱ्यांचा फोटो उद्या कोणाला हवा असेल, सांगता येत नाही. पालखी मार्गाचं रुंदीकरण झालं आणि जुना अरुंद रस्ता, कडेचे वड मागणारे लोक निघाले. ते फोटो दिंडी येण्याआधी उजेड बघायला म्हणून काढलेले, रिकाम्या रस्त्याचे. सध्या त्यांनाच एकेक करून गावांची नावं देतोय. नातेपुते झालं, वाखरीपर्यंत जायचंय.