४९ दिवस, १७ तास

१ जून ते ३१ जुलै उत्तनच्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ६१ दिवसांची. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यावरून दुसराच आकडा आठवतो. दर मिलिसेकंदाला एकाने वाढणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस, १७ तासांत भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १ जूनला मध्यरात्री चालू केलेलं यंत्र २० जुलैला संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे पोचतं. बंदी तेव्हा उठायचीच असते.

बोटींवर आता ट्रान्सपॉन्डर येताहेत. एक लाख बोटींच्या या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली, तंत्रज्ञान इस्रोचं. तांडेलाने बटण दाबलं की उपग्रहामार्फत किनाऱ्यावर खबर. अशा कुठल्याही यंत्रात टायमर इंटरप्ट नीट हाताळणं मला माणसाच्या जिवाशी निगडित काम वाटतं.

टायमर वाजला, म्हणजे एक टिक झाला, की प्रोसेसर हातातलं काम सोडून हँडलरमध्ये शिरतो. तिथे काउंटर वाढवावा, कुणाची वेळ भरली असेल तर त्या टास्कला जागं करावं आणि निघावं. संदेश तयार करणं, फ्लॅशमध्ये लिहिणं, रेडिओसाठी थांबणं ही टास्कची कामं. मी हँडलरच्या सुरुवातीला एक पिन वर करतो, शेवटी खाली. ऑसिलोस्कोपवर सगळ्या पट्ट्या सारख्या बारीक दिसायला हव्यात. मध्येच एखादी रुंद दिसली, तर ती का रुंद झाली हे कळेपर्यंत मी पुढचं काम हाती घेत नाही.

इंटरप्ट बंद ठेवण्याबाबतही हात आखडता हवा. राहिलेल्या टिकची नोंद ठेवायला हार्डवेअरमध्ये एकच बिट असतो. बंद काळात दोन टिक झाले तरी नोंद एकाचीच, आणि घड्याळ गुपचूप मागे पडतं.

राहिला काउंटर भरण्याचा प्रश्न. तो ६४ बिटांचा काउंटर घेऊन मिटवावा, असं कुणालाही वाटेल. पण ३२ बिटांचा प्रोसेसर तो दोन तुकड्यांत वाचतो. वरचा तुकडा वाचला, शून्य. तेवढ्यात टिक आला, खालचा भरून शून्य झाला, वरचा एक झाला. आता खालचा वाचला, तोही शून्य! वेळ जवळजवळ ५० दिवस मागे गेली. म्हणून वरचा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचायचं. वरचे दोन्ही जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

३२ बिटांवरच भागवायचं असेल, तर ‘आत्ता’ची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का, असं विचारू नये. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ चिन्हरहित वजा करून किती वेळ गेला ते पाहावं. काउंटर मध्ये एकदा शून्यावर आला तरी ही वजाबाकी बरोबर येते.

आणि तो क्षण यायची वाट पाहत बसू नये. लिनक्समध्ये ३२ बिटांचा टिक-काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू होतो, की यंत्र चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो शून्य ओलांडतो. माझ्या कर्नलमध्येही मी तेच करतो. चूक असलीच तर ती पाच मिनिटांत, टेबलावरच्या बोर्डवर सापडावी.