षष्ठीची ओहोटी

भाच्याला शाळेत कुणीतरी म्हणालं, "काय रे, अलिबागहून आलायस का?" फळ्यावरचं गणित त्याला चटकन कळलं नव्हतं, एवढंच निमित्त. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "मामा, अलिबागहून आलेला माणूस म्हणजे नेमका कसा असतो?"

मला राग आला. मुलाचा नाही, त्या बोलण्याचा. भोळसट, अडाणी माणसाला मुंबईने हे विशेषण कधी चिकटवलं कोण जाणे, पण ते जिभेवर असं बसलंय की म्हणणाऱ्याला आपण एका गावाला नावं ठेवतोय याचं भानही नसतं. अलिबाग तालुक्यातल्याच एका रहिवाशाने याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली होती, २०१९ मध्ये ती फेटाळली गेली. असल्या गोष्टी कायद्याने थांबत नाहीत, हे खरंच. पण बारा वर्षांच्या मुलाला उत्तर तर द्यायला हवं होतं, आणि ते गिरगावात बसून देता येण्यासारखं नव्हतं. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं.

अलिबागला एका दिवसात जाऊन यायचं तर आधी तिथी बघावी, मग वार. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीलाच तिथे चालत जाता येतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. षष्ठीला साडेचार. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला, पाणी तळाला गेलेलं असतं. सकाळी निघणाऱ्या मुंबईकराला याहून सोयीची तिथी नाही. फाल्गुन शुद्ध षष्ठी रविवारी येत होती. भाच्याला हिशेब सांगितला, तर तो बोटांवर पाऊणकी करत बसला. शाळेत पाऊणकी शिकवत नाहीत हे मला तेव्हा कळलं.

रस्त्याने गेलं तर पेण-वडखळचा वळसा घालून अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, गेटवेवरून लाँचने मांडव्याला जेमतेम तास लागतो. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. फाल्गुनात समुद्र शांत होता आणि हिवाळी पाहुणे कुरव अजून परतले नव्हते. लोक गाठ्या उडवत होते, पक्षी त्या हवेतल्या हवेत टिपत होते. मागे गेटवे लहान होत गेला, डावीकडे नौदलाच्या करड्या नौका सरकल्या, आणि उजवीकडे दूर कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा दिसला. भाच्याला म्हटलं, "हा कुलाबा नीट बघून ठेव. पलीकडे आणखी एक कुलाबा आहे." मुंबईतला कुलाबा सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९८१ मध्ये 'रायगड' हे नाव मिळेपर्यंत अलिबाग ज्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, त्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं, हे आता पन्नाशीच्या पुढच्यांनाच आठवतं.

मांडव्याला उतरलं की लाँचच्याच तिकिटावर बस मिळते. नारळी-पोफळी, वाड्या, आणि अलीकडे वाड्यांपेक्षा उंच झालेल्या बंगल्यांच्या भिंती. मुंबईची माणसं इथे मोठमोठे प्लॉट घेतात आणि शनिवार-रविवारी येतात. त्या भिंतींमुळे रस्त्यावरून समुद्र दिसेनासा झालाय, आणि ते मला दर खेपेला खुपतं.

सव्वानऊला आम्ही किनाऱ्यावर होतो. अलिबागची वाळू काळसर आणि घट्ट, पाय रुतत नाहीत. किल्ला समोरच उभा होता, पण त्याच्या आणि आमच्यामध्ये अजून पाण्याचा पट्टा चकाकत होता. घोडागाडीवाला म्हणाला, "दादा, बसा की. आर्ध्या तासात पानी उतरंल, मग कशाला बसाल तुमी?" धंदा करणाऱ्या माणसाने इतकं खरं सांगितल्यावर त्याच्या गाडीत बसणं भागच होतं, पण भाच्याला चालायचं होतं. आम्ही थांबलो. पाणी मागे हटताना डोळ्यांना दिसत नाही. नजर दुसरीकडे वळवून परत पाहिलं की एक खडक जास्त दिसतो, मग दुसरा, मग त्यांच्यामधली शेवाळी वाट. दहा वाजता आम्ही चपला हातात घेतल्या.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तो मार्च १६८० मध्ये. पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला रायगडावर त्यांचं निधन झालं. काम संभाजीराजांनी पुरं केलं. म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत त्या माणसाचं लक्ष समुद्राकडे लागलेलं होतं. त्याला कारण होतं. किल्ल्याच्या तटावरून हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला थळच्या समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये महाराजांनी मायनाक भंडाऱ्यांना खांदेरीवर तट बांधायला पाठवलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज खवळले, कारण त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच हा पहारा बसत होता. त्यांची मोठी जहाजं बेटाला घेरून राहिली, ऑक्टोबरात समोरासमोर लढाई झाली. पण थळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात लहान होड्या निघायच्या, उथळ पाण्यातून वल्हवत बेटावर धान्य आणि सामान पोचवायच्या, आणि उजाडायच्या आत परत यायच्या. खोल बुडाच्या जहाजांना तिथे जाता येत नव्हतं. तट उभा राहिला. सिद्दीने चिडून शेजारच्या उंदेरीवर आपला किल्ला बांधला, तो भाग वेगळा. इथलं पाणी कुठे किती आहे, वारा कधी फिरतो, हे थळच्या कोळ्या-भंडाऱ्यांना माहीत होतं. खांदेरीचा पहिला दारूगोळा हाच. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यांत खांदेरी आहे.

"बघ," मी भाच्याला म्हटलं आणि तटाशी नेलं. समुद्राच्या बाजूला मोठमोठे चिरे नुसते एकावर एक ठेवलेले आहेत. मध्ये चुना नाही. त्याने दोन दगडांच्या फटीत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. आतून गार वारा येत होता. दगडाच्या कडेला कालवं चिकटली होती, आणि एक बोटाएवढा खेकडा त्याचा हात बघून आत पळाला. लाट येऊन आपटते तेव्हा पाणी या फटींतून आत शिरतं, तिथेच पसरतं, आणि तिचा जोर मोडतो. सपाट, गिलावा केलेल्या भिंतीवर तीच लाट पूर्ण ताकदीने बसली असती. साडेतीनशे वर्षांचे पावसाळे या फटींनी खाल्लेत. भाचा बराच वेळ त्या फटीशी बसून होता. नंतर म्हणाला, "म्हणजे भोकं ठेवली म्हणून टिकली?" मी हो म्हटलं.

महादरवाज्यावर हत्ती, वाघ, मोर कोरलेले आहेत. आत गोड्या पाण्याचं तळं, आणि रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ. गणपती, भोवती सांब, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या या खडकावर तळ्याचं पाणी गोडं कसं, याचं नवल मला दर वेळी वाटतं.

किल्ला खऱ्या अर्थाने नांदता झाला तो कान्होजी आंग्र्यांच्या काळात. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या बाजूला आले, सरखेल झाले, आणि मग कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी गलबताला त्यांचं दस्तक घ्यावं लागे. इंग्रज स्वतःही पासाचे पैसे घेत होते, पण ते कान्होजींनी घेतले की चाचेगिरी. त्यांच्या कागदांतलं ते नाव इतकं पसरलं की आजही परदेशी पुस्तकांत कान्होजी चाच्यांच्या यादीत सापडतात. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन याच किल्ल्यावर चालून आले. युरोपातल्या दोन दर्यावर्दी सत्तांना हातमिळवणी करावी लागली, यातच काय ते आलं. बाजीराव मदतीला धावले, पोर्तुगिजांनी तह केला, इंग्रज हात हलवत मुंबईला परतले. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले, तोवर हा तट कुणालाही घेता आला नव्हता.

पुढचं सांगताना मात्र माझा आवाज खाली आला. १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळणारे इंग्रज होते, आणि त्यांना बोलावणारे पेशवे. घरातलं भांडण मिटवायला शेजाऱ्याच्या हातात कोलीत दिलं. १८४० मध्ये वारस नाही म्हणून अलिबागचं आंग्रे संस्थानही इंग्रजांनी खालसा केलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. मुलं त्यांवर बसून फोटो काढतात, शिवकाळातल्या समजून. भाच्याने ओतीव लोखंडावरची अक्षरं बोटाने पुसून वाचली: डॉसन, हार्डी, फील्ड, लो मूर, यॉर्कशायर. माझ्याकडे वळून बघितलं. त्याला काही समजवावं लागलं नाही.

आम्ही तिथे फार रेंगाळलो. सव्वाबाराच्या पुढे निघालो तेव्हा वाटेवर पाणी परत चढलं होतं, मध्यावर ते माझ्या गुडघ्याला आणि त्याच्या मांडीला लागलं. तो घाबरला. सकाळचा घोडागाडीवाला शेजारून जाताना ओरडला, "उजव्या अंगानं ये रं पोरा, तिकडं खडक हाय, बुडायचं नाय!" आम्ही त्याच्या चाकांमागून चालत बाहेर पडलो. पैसे देऊ केले तर त्याने मान हलवली, "बसला कुठं तुमी?"

जेवायला एका साध्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण. जिताडा हा इथल्या खाड्या-तळ्यांतला मासा, जाड मांसाचा, चवीला गोडसर. पापलेटच्या नादात लोक तो मागवत नाहीत, हे त्यांचं नुकसान. खानावळीबाहेर एक मावशी पांढरे कांदे घेऊन बसली होती. भाताचं पीक निघाल्यावर त्याच शेतात हा कांदा लावतात. काढल्यावर पातीसकट वाळवतात, आणि त्या पातीची तीन पदरी वेणी घालून एकेक कांदा त्यात गुंफत जातात. वेणी इतकी घट्ट की माळ हातात धरून हलवली तरी एकही कांदा डुलत नाही. "मावशी, किती वेळ लागतो एका माळेला?" "बोलता बोलता व्हते," ती म्हणाली, आणि बोलता बोलता आणखी दोन कांदे गुंफले. मी दोन माळा घेतल्या.

गावाच्या नावाची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. अली नावाच्या मुसलमान धनिकाने इथे विहिरी खोदून बागा लावल्या, ती अलीची बाग. दुसरे सांगतात, तो एली नावाचा बेने इस्राएल होता. मला दोन्ही गोष्टी आवडतात, कारण या गावात दोन्ही शक्य आहेत. इस्राएल आळीत १८४८ चं मागेन अबोथ प्रार्थनालय आहे. बेने इस्राएल सांगतात की त्यांच्या पूर्वजांचं गलबत जवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. आडनावं किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. बहुतेक घरं इस्राएलला गेली, पण तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आळीत दुपारची सामसूम होती. प्रार्थनालयाचं फाटक बंद होतं, आम्ही कठड्याबाहेर थोडा वेळ उभे राहिलो.

आणि मग मी भाच्याला जे मुख्यतः दाखवायचं होतं तिथे नेलं, किनाऱ्यालगतच्या चुंबकीय वेधशाळेपाशी. आत जायला परवानगी लागते, आम्ही बाहेरूनच पाहिली. पृथ्वीचं चुंबकत्व कसं बदलतं याच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून उठलेलं जे महावादळ पृथ्वीवर आदळलं, युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचा खेळखंडोबा झाला, त्याची कुलाब्याची नोंद शास्त्रज्ञ आजही काढून बघतात. मग मुंबईत विजेवरची ट्राम यायचं ठरलं. तिच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूच्या थरथरणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली, ती ही. १९०४ मध्ये अलिबागला उपकरणं बसली. इमारतीत लोखंड वापरायचं नाही, म्हणून निवडक दगड, लाकूड, तांबं-पितळ. दोन वर्षं मुंबई आणि अलिबाग दोन्हीकडच्या नोंदी जोडीने घेतल्या, नोंदींचा धागा तुटू नये म्हणून. मगच मुंबईतलं काम थांबलं. एका कुलाब्याचं दुसऱ्या कुलाब्याने सांभाळून घेतलं, आणि ते आजवर चालू आहे.

"म्हणजे मुंबईत गोंगाट झाला," भाचा म्हणाला.

"हो. आणि पृथ्वीचं म्हणणं ऐकायला इथे यावं लागलं."

साडेचारला आम्ही परत किनाऱ्यावर आलो. सकाळची वाट कुठेच नव्हती. किल्ल्याच्या तटाला पाणी भिडलेलं, आणि लाटा जिथे आपटत होत्या तिथे दगडांच्या फटींतून फेस मागे झिरपत होता. त्याने घड्याळात बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि परत घड्याळात.

लाँचवर गर्दी होती. कांद्याच्या माळा मांडीवर घेऊन तो काठाशी बसला. मला वाटलं पेंगतोय. मांडवा मागे पडल्यावर म्हणाला, "मामा, पुढच्या रविवारी त्रयोदशी ना? तेराची पाऊणपट... पावणेदहा. म्हणजे ओहोटी पावणेचारला." थोडं थांबून म्हणाला, "सोमवारी वर्गात विचारतो सगळ्यांना."

"काय विचारतोस?"

"त्रयोदशीला कुलाब्याला चालत किती वाजता जायचं ते."