फाफे मोठा झाला तेव्हा

२०१७ च्या ऑक्टोबरात पुण्यात ‘फास्टर फेणे’ पाहून बाहेर पडले ती धुसफुसतच. सोबतच्या मैत्रिणीला सिनेमा आवडला होता. मी मात्र तिला पार्किंगपर्यंत ऐकवत होते, की आमच्या फाफेला मोठं करायचा अधिकार यांना दिला कुणी? भा. रा. भागवतांचा बनेश फेणे शाळकरी होता. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, हडकुळा, सायकलवर टांग मारून सुटणारा. आणि इथे मिशी फुटलेला अमेय वाघ चक्क मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला आलेला! मैत्रीण शेवटी म्हणाली, “अगं, तू पण मोठी झालीसच की.” यावर काय बोलणार?

खेडला आमच्या घरात फाफेची पुस्तकं बाबांमुळे आली. ते कामासाठी पुण्याला जायचे आणि एसटीतून उतरताना पिशवीत एखादं पुस्तक असायचं. मी आणि ताई ते हिसकावून घ्यायचो. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ आलं तेव्हा तर आम्ही फुशारून गेलो होतो. कशेडी चढून पोलादपूरला उतरलं आणि आंबेनळी घाट धरला की प्रतापगड. म्हणजे फाफे आमच्या अगदी शेजारी येऊन गेला होता! जिभेने ‘ट्टॉक’ काढायचा सराव आम्ही इतका केला, की आजी म्हणायची, घरात पाली झाल्यात. पुढे दूरदर्शनवर सुमीत राघवन फाफे होऊन आला, तोही आम्ही शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसून पाहिला.

२६ जुलै २००५ ला जगबुडीचं पाणी घरात शिरलं. खालच्या फळीवरचा सगळा फाफे गेला. वाचलं ते एकच पुस्तक, प्रतापगडाचं. ते वाळवलं, पण पानं फुगून ते दुप्पट जाड झालं. अजून आहे.

भागवत १९१० चे, २००१ मध्ये गेले. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला फाफेत नेहमी दुसराच एक फ्रेंच माणूस दिसतो. अलेक्झांडर ड्युमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ १८४४ साली वर्तमानपत्रात क्रमशः आली. तिची सुरुवात आठवा: दार्तान्यां नावाचा खेड्यातला पोरगा विचित्र पिवळ्या रंगाच्या एका मरतुकड्या घोड्यावर बसून राजधानीकडे निघतो. लोक घोड्याला हसतात आणि हा तलवारीला हात घालतो. खिशात दमडी नाही, ओळख नाही, अंगात मस्ती मात्र भरपूर. घोड्याच्या जागी सायकल ठेवा, पॅरिसच्या जागी पुणे. रिचर्ड लेस्टरने १९७३ मध्ये या कादंबरीचा सिनेमा केला, त्यात तलवारबाज धडपडतात, घसरतात, धापा टाकतात. आपण हसत राहतो आणि हसता हसता लक्षात येतं, की यात कुणाचाही जीव जाऊ शकतो. हलकीफुलकी साहसकथा म्हणतात ती हीच. धोका खरा असतो, फक्त नायक त्याच्यापुढे तोंड पाडून उभा राहत नाही.

हे सगळं मी २०१७ मध्ये मैत्रिणीला ऐकवलं होतं आणि वर म्हटलं होतं, की सिनेमात ते हरवलंय. सात वर्षांनी ते शब्द गिळावे लागले.

ताईची मुलगी २०२४ ला ‘नीट’ला बसली. ताई आणि भावोजी लोट्याला नोकरीला, दोघांच्या पाळ्या. म्हणून भाची बारावीची दोन वर्षं माझ्याकडेच होती. ५ मेला परीक्षा झाली. उत्तरतालिका आली तेव्हा तिने तीनदा बेरीज केली आणि पहिल्यांदाच पोटभर जेवली. आदल्या वर्षी तेवढ्या गुणांना सरकारी कॉलेज मिळालं होतं.

४ जूनला निकाल लागला. गुण तिने मोजले तेवढेच होते, पण क्रमांक पार कुठल्या कुठे. देशभरात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. मग कळलं, १५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. ते मागे घेतले, फेरपरीक्षा ठरली. मग पाटणा, हजारीबाग, पेपरफुटी. मग आपल्या लातूरमध्येही अटक. २३ लाखांहून जास्त मुलांनी दिलेली परीक्षा, आणि त्यातली एक आमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेव म्हटलं की जेवायची, आंघोळीला जा म्हटलं की जायची. बोलायची नाही. ताई रोज फोनवर विचारायची, “काही बोलली का गं?” मी म्हणायचे, “बोलेल.”

जूनच्या अखेरीस एका रात्री धो धो पाऊस, लाइट गेलेली. लॅपटॉपमध्ये ‘फास्टर फेणे’ उतरवलेला होता आणि बॅटरी भरलेली होती. म्हटलं, हसेल तरी. “बघतेस का? मला नव्हता आवडला,” असं म्हटलं म्हणून असेल, ती उठून बसली.

मी काय विसरले होते ते पंधरा-वीस मिनिटांत ध्यानात आलं. फाफेला परीक्षेच्या वेळी एक मुलगा भेटतो. तो मुलगा मरतो. पोलीस म्हणतात, आत्महत्या. माझा हात झटकन लॅपटॉप मिटायला गेला. भाची स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, “राहू दे, मावशी.”

मग आम्ही तो पूर्ण पाहिला. तो मुलगा असं करणार नाही, एवढंच फाफे म्हणत राहतो आणि धावत सुटतो. पर्ण पेठेची अबोली त्याच्या जोडीला. दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत होऊन बसलेले. समोर गिरीश कुलकर्णींचा आप्पा, प्रवेश परीक्षांचा बाजार मांडून बसलेला, थंड डोक्याचा माणूस. फाफे त्याच्यापुढेही ट्टॉक करतो. तिथे भाची हसली. किती दिवसांनी, ते मोजत नाही.

मला मात्र त्या अंधारात आदित्य सरपोतदार आणि क्षितिज पटवर्धन यांनी काय केलंय ते उमगत होतं. खेड्यातलं पोर आज पुण्याला कशासाठी जातं? विद्याभवनासाठी नाही, क्लाससाठी जातं. त्याच्या वाटेवर चोर कुठे भेटणार? भुयारात नाही, परीक्षेच्या हॉलमध्येच. फाफेला शाळेत ठेवलं असतं तर माझं बालपण जपलं गेलं असतं, पण माझ्या भाचीच्या काही तो उपयोगाला आला नसता.

सिनेमा संपला. बाहेर पागोळ्यांचा आवाज चालूच होता. तिने विचारलं, “आप्पा संपला, ठीक आहे. पण त्याने ज्यांच्या सीट खाल्ल्या, त्यांचं काय झालं?”

याचं उत्तर साहसकथेत नसतं, माझ्याकडेही नव्हतं. मी म्हटलं, “माहीत नाही गं.” मग तीच म्हणाली, “आणि खऱ्यात कोण असं धावतं?” मी गप्प बसले. काहीतरी मोठं, धीराचं बोलायचा मोह झाला होता, तो आवरला ते बरं झालं.

१८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केंद्रनिहाय निकाल जाहीर करा. २० तारखेला ते आले. दुपारी पाहते तर भाची लॅपटॉपपुढे बसलेली, शेजारी वही, हातात पट्टी. एकेका केंद्राचे आकडे उतरवून काढत होती. कुठे गुण फुगलेत, कुठे नाहीत. मी म्हटलं, “यातून तुला काय मिळणार?” म्हणाली, “बघायला काय जातंय?” दोन दिवस ती वही घेऊन बसली. जेवायला हाक मारली तर “आले, आले” म्हणत अर्धा तास लावायची. ताईला फोनवर सांगितलं, “बोलतेय. डोकं खातेय.”

तिला काही हाती लागलं नाही. २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. पेपर फुटल्याचं मान्य, पण सगळ्या परीक्षेवरच पाणी पडलंय असं म्हणायला पुरावा नाही, असा एकूण निर्णय. तिने मोबाइलवर बातमी वाचली, वही मिटली आणि बराच वेळ पडवीत बसून राहिली. मी मुद्दाम गेले नाही.

संध्याकाळी तिने बारावीची पुस्तकं पुन्हा खाली काढली. फळी पुसताना तिला ते फुगलेलं प्रतापगडाचं पुस्तक सापडलं. उलटसुलट करून म्हणाली, “हे एवढं जाड कशाने झालं?”

“पुरात भिजलेलं,” मी म्हटलं. “दुसरी गेली. हे राहिलं.”

तिने ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर ठेवलं आणि रात्री झोपताना वाचायला घेतलं. पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणून एकेक हलकेच सोडवत वाचत होती.